दक्षिण कसब्यातला वाडा, धोकादायक इमारतीची नोटीस आणि हेरिटेजचा प्रश्न

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा : सोलापुरात दक्षिण कसब्यात पणजोबांनी बांधलेला दगडी वाडा आहे, शंभरेक वर्षांचा. आता चार घरांत मिळून अकरा वारस. दोन खोल्यांत जुने भाडेकरू, बाकीचा वाडा कुलूपबंद. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे, मागच्या भिंतीला पोट आलं आहे, आणि एक बिल्डर भाव सांगून गेला आहे. तुम्ही विचारता की वाडा हेरिटेज म्हणून जाहीर करून घेतला तर वाचेल का आणि त्यासाठी अर्ज कुठे करायचा. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, ‘वाड्याबरोबर आमच्या गल्लीचा इतिहासही जाईल.’ त्या ओळीकडे मी शेवटी येतो, पण ती मनावर घेतली आहे.

मी बावीस वर्षं सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर या पट्ट्यात जुन्या दगड-मातीच्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. शिक्षण स्थापत्य अभियंत्याचं. चुन्याचं काम मात्र कॉलेजात नाही, गवंड्यांच्या हाताखाली शिकलो. त्या अनुभवावरून सरळ सांगतो : हेरिटेजचा अर्ज जरूर करा, पण वाडा त्यानं उभा राहणार नाही. यादीत नाव आलं की पाडकामाला अडसर येतो. माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, गळती थांबत नाही, आणि अकरा जणांचं एकमतही होत नाही. अर्जाची फाइल फिरेपर्यंत दोन पावसाळे जातात आणि फुगलेली भिंत दोन पावसाळे थांबत नाही. तुमचा खरा प्रश्न असा आहे की वाड्यात पाणी कुठून शिरतं, आणि दहा वर्षांनी त्या वाड्यात रोज सकाळी दार कोण उघडणार.

दार उघडण्याचा हा प्रश्न उगाच लिहिलेला नाही. आपल्या सोलापुरात काय टिकलं ते बघा. इंद्रभुवन ही अप्पासाहेब वारदांची हवेली. तिथं महापालिकेचा कारभार आला, माणसांचा राबता राहिला, आणि म्हणून पुढे तिच्या जतनाचं काम निघालं तेव्हा जतन करायला काहीतरी उरलेलं होतं. उत्तर कसब्यातला हिरेहब्बू वाडा घ्या. दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, तिथून निघतात. ज्या घरातून नंदीध्वज निघायचे आहेत, त्या घराकडे गाव दुर्लक्ष करत नाही. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर. १९१० साली सोलापुरात जन्मलेला, १९३८ मध्ये चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारलेला हा डॉक्टर, त्याचं घर स्मारक झालं म्हणून राहिलं. याउलट गिरण्या बघा. मुरारजी गोकुळदासांनी १८७७ साली काढलेली जुनी मिल, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी, जाम मिल. ज्या भोंग्यावर अख्खं शहर घड्याळ लावायचं, तो बंद पडला, वापर संपला आणि एवढाली दगडी कामं बेवारस झाली. त्या भिंती तुमच्या वाड्यापेक्षा कमकुवत नव्हत्या.

आता नोटिशीकडे. ती आली म्हणून घाबरून सही करू नका आणि खिशात घालून विसरूही नका. दोन्ही चुका मी बघितल्या आहेत आणि दुसरी जास्त महाग पडते. मोडकळीला आलेल्या इमारतींबद्दलची नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. तिच्यात किंवा सोबतच्या कागदात इमारतीचा वर्ग लिहिलेला असतो. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीनं रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमच्या वाड्याचं पुढचं सगळं या एका अक्षरावर आणि आकड्यावर आहे, आणि तुमच्या प्रश्नात तेवढंच लिहायचं राहिलं आहे.

सी-१ लिहिलं असलं तरी ते बाहेरून बघून लिहिलेलं असू शकतं. अशा वेळी स्वतःचा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल देऊन वर्ग बदलून मागता येतो. पण ऑडिट कोणाकडून करता याला फार महत्त्व आहे. मी असे अहवाल वाचले आहेत ज्यांत दगडी भिंतीवर हातोडीच्या यंत्रानं ठोकून आकडे काढले होते आणि त्यावरून ‘ताकद अपुरी’ असा शेरा मारला होता. ते यंत्र काँक्रीटसाठी आहे. दगड-मातीच्या भिंतीबद्दल त्या आकड्यातून काहीही कळत नाही. अभियंत्याला पहिला प्रश्न विचारा, ‘साहेब, भिंतीचे दोन्ही पदर एकमेकांपासून सुटलेत का, हे तुम्ही कसं तपासणार?’ उत्तर पटलं तर त्याला काम द्या.

तपासायचं कसं ते सांगतो, कारण यातलं निम्मं तुम्ही स्वतः आजच करू शकता. आपल्याकडची जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड असते, पण ती एकसंध नसते. बाहेरून घडीव काळ्या दगडाचा एक पदर, आतून ओबडधोबड दगडाचा दुसरा, मध्ये माती, मुरूम आणि बारीक खांडक्यांचं भरण. दोन्ही पदर धरून ठेवायला अधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घातलेले असतात. चांगल्या गवंड्यानं ते मोजून घातले, घाईच्या कामात ते वगळले गेले. पाणी वरून मध्ये शिरलं की माती खाली बसते, भरण ओलं होऊन बाहेर रेटतं आणि बाहेरचा पदर पोटासारखा पुढे येतो. लाकडी ठोकणीनं हळू हळू ठोकत जा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक तुमच्या कानाला दहा मिनिटांत कळेल. जिथं पोकळ आवाज येतो तिथं खडूनं खूण करा. भिंतीवर थोड्या वेळात खडूची एक आकृती तयार होते, आणि बहुतेक वेळा ती वरून खाली ओघळासारखी दिसते. तिचं वरचं टोक जिथं आहे, तिथून पाणी शिरतंय.

तडा गेलेला असेल तर त्यावर आडवी काचेची बारीक पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा आणि शेजारी पेन्सिलनं तारीख लिहा. तीन-चार ठिकाणी लावा. सहा महिन्यांत काच शाबूत राहिली तर तडा जुना आहे, भिंत स्थिरावली आहे. तुटली तर हालचाल चालू आहे. या काचेवर मी कुठल्याही छापील अहवालापेक्षा जास्त विसंबतो. एकच पथ्य : पोट ठळकपणे पुढे आलेलं दिसत असेल किंवा खालचे दगड चिरडून भुगा पडत असेल, तर काच लावत बसू नका. त्या भिंतीलगतच्या खोल्या रिकाम्या करा, भाडेकरूंना पुढच्या सोप्यात हलवा आणि भिंतीला आजच तिरपे टेकू द्या. माणसाच्या जिवापुढे वाडा काहीच नाही.

पाण्याच्या वाटा आपल्या गल्ल्यांत ठरलेल्या आहेत. एक, माळवद. दोन, मागच्या भिंतीला टेकून नंतर काढलेलं संडास-बाथरूम. तुम्ही मागचीच भिंत फुगली म्हणता, तेव्हा माझा पहिला संशय तिथंच आहे. तीन, रस्ता. दर काही वर्षांनी गल्लीत जुन्या काँक्रीटवर नवं काँक्रीट पडतं, रस्ता वीतभर वर येतो आणि वाड्याचं जोतं खाली जातं. पणजोबांनी तीन पायऱ्या चढून आत जायचं घर बांधलं होतं, आता एक पायरी उरली असेल. मोजून बघा. ज्या पायऱ्या गाडल्या गेल्या, तेवढी भिंत जमिनीतलं पाणी पीत उभी आहे.

सोलापुरात वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या मानानं काहीच नाही. म्हणूनच आपल्याकडे कौलाऐवजी माळवद आलं : सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना माळवदाखालची खोली गार असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्वी दर वर्षी मृगाच्या आधी घरातली माणसं वर चढून खारी माती टाकायची, भेगा बुजवायची, पन्हळी साफ करायची. त्यातूनच एक दोष साचत गेला. दर वर्षी माती टाकली, पण जुनी कुणी काढली नाही. मी दीड-दीड फूट थर मोजले आहेत. हिशेब करून बघा. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे साधारण पाच घनमीटर, म्हणजे कोरडी असतानाच आठ टनांच्या घरात. ओली झाली की आणखी जास्त. शंभर वर्षांच्या तुळईच्या डोक्यावर एक भरलेला ट्रक उभा आहे असं समजा.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातला कुणीही विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक जाड दगडी भिंती आणि त्यावरच्या जड माळवदाखाली गेली. सोलापूरलाही तो हादरा जाणवला. तेव्हापासून लोकांच्या मनात दगड-मातीच्या घराबद्दल जी भीती बसली ती खरी आहे, आणि वाडा वाचवा म्हणणाऱ्यानं ती झटकून टाकू नये. त्याच भूकंपानंतर अशा भिंती मजबूत कशा करायच्या हेही आपण शिकलो. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार छिद्र पाडून त्यात सळईचा आकडा घातलेला काँक्रीटचा जोडदगड भरायचा, की दोन्ही पदर पुन्हा एकमेकांना धरतात. भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी पट्टा फिरवायचा, की कोपरे सुटत नाहीत. आणि सगळ्यात आधी डोक्यावरचं वजन उतरवायचं. जादा माती काढून तीन-चार इंचांचा चुन्याचा कोबा करा आणि पन्हळीकडे नीट उतार द्या. माती उतरवताना एका बाजूनं सगळी काढू नका आणि एका कोपऱ्यात ढीगही करू नका. दोन्ही बाजूंनी सारखी, घमेल्या-घमेल्यानं उतरवा. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं टोच्यानं टोचून बघा. मधली तुळई लोखंडासारखी टणक आणि भिंतीतलं टोक भुसा, असं नेहमी सापडतं. तेवढं टोक कापून नवा सागवानी तुकडा सांध्यात बसवता येतो, अख्खी तुळई बदलायची गरज नसते.

सिमेंटबद्दल मला स्वतःच्या हातून झालेलं सांगायचं आहे. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हाच्या पहिल्या दोन-तीन कामांपैकी एक वाडा होता. दगडांमधल्या सांध्यांच्या दरजा मोकळ्या झाल्या होत्या. मी मालकांना खात्रीनं सांगितलं, सगळीकडे सिमेंटनं दरजा भरू आणि आतून सिमेंटचं प्लास्टर करू. घर चकचकीत दिसलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आतलं प्लास्टर पत्र्यासारखं सुटलं आणि मागचा दगडी पदर हातभर लांबीत पुढे आला. ती भिंत उतरवून पुन्हा रचावी लागली आणि खर्च त्या कुटुंबावर पडला. भिंत उतरवायला आलेले म्हातारे गवंडी दरजेत बोट घालून मला म्हणाले, ‘साहेब, दगुड पानी पीत न्हाई आन् सोडत बी न्हाई. दरज पिती, दरजच सोडती. तुमी दरजच बुजवली की ओ, आता पानी जाणार कुठनं?’ त्यानंतर दगड-मातीच्या भिंतीच्या दरजांना आणि प्लास्टरला मी सिमेंट लावलेलं नाही. काळा दगड घट्ट असतो, ओल दरजेतूनच ये-जा करते. चुना ती जाऊ देतो, सिमेंट कोंडून ठेवतो. कोंडलेली ओल आतली माती भिजवत राहते.

चुन्याचं काम करायचं ठरलं तर वेळ सांभाळा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये चुन्याला हात लावू नये. चुना हळूहळू, ओल आणि हवा दोन्ही मिळाल्या तरच धरतो. बेचाळीस अंशांच्या उन्हात तो धरायच्या आधी वाळतो आणि हातानं पुसला तरी पीठ निघतं. माझी कामं दिवाळीनंतर सुरू होतात आणि शिवरात्रीच्या आत आटोपतात. विझवलेला चुना निदान काही आठवडे मुरू द्यायचा, मग एका भागाला तीन भाग वाळू आणि थोडी सुरखी, म्हणजे विटांचा भुगा, घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. काही जुने गवंडी गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात. मीही घालतो, पण त्यावर सगळा भरवसा ठेवत नाही. खरा फरक मळणीनं आणि नंतर ओल्या गोणपाटानं झाकून ठेवण्यानं पडतो.

आता हेरिटेजच्या अर्जाबद्दल, कारण तुम्ही विचारलंत तेच ते. आधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन वारसा वास्तूंच्या यादीत वाड्याचं नाव आहे का बघा. कित्येक मालकांना स्वतःचं घर यादीत आहे हे माहीत नसतं. नसेल तर समावेशासाठी लेखी मागणी करता येते. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा जतनाची तरतूद आहे. पहिल्या श्रेणीत जवळजवळ काहीच बदलता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत आत वापराप्रमाणे फेरफार करता येतात, तिसऱ्या श्रेणीत आणखी मोकळीक असते. कसब्यातल्या वाड्याला बहुधा दुसरी किंवा तिसरी श्रेणी मिळू शकते आणि ती तुमच्या सोयीची आहे. यादीमुळे जे बांधकाम तुम्हाला करता येत नाही, त्याच्या बदल्यात विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे तेवढं बांधकाम दुसऱ्या जागी करायचा, विकता येणारा हक्क, मिळण्याची वाटही आहे. त्याची किंमत जागेवर आणि बाजारावर ठरते, म्हणून तो पैसा आलाच असं धरून दुरुस्तीचा हिशेब मांडू नका.

एक गोष्ट मात्र नक्की मोजा : तुमचा वाडा भुईकोट किल्ल्यापासून किती मीटरवर आहे. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, जुन्याची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामालाही परवानगी लागते. बिल्डरनं सांगितलेला भाव हे अंतर धरून आहे की सोडून, हे त्याला तोंडावर विचारा. एका कुटुंबात याच मुद्द्यावर सगळी बोलणी फिरली. विकायचं म्हणणारे भाऊसुद्धा दुरुस्तीला तयार झाले, कारण पाडून तिथं इमारत उभी राहणारच नव्हती.

वारसांबद्दल माझ्याकडे सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. घराघरावर अवलंबून आहे. पण माझा अनुभव सांगतो की वाडे पडायला सुरुवात होते ती माळवदावर माती टाकायची पाळी कुणाची, या भांडणापासून. म्हणून मोठ्या वाटणीच्या आधी लहान करार करा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा, वारसांच्या नोंदी पुऱ्या करून घ्या, आणि एका कागदावर अकराही जणांनी एवढंच मान्य करा की पुढची दोन वर्षं कुणी विकणार नाही, आणि छत व निचऱ्याचा खर्च हिश्शाप्रमाणे देऊ. पुण्या-मुंबईच्या चुलतभावांना व्हिडिओवर घ्या, मोठ्या काकूंना आधी बोलू द्या. ‘वाडा विकायचा की ठेवायचा’ या प्रश्नावर घरं फुटतात. ‘यंदाचा पाऊस आत येऊ द्यायचा का’ याला सहसा कुणी हो म्हणत नाही. भाडेकरूंनाही बैठकीत बोलवा. भाडे नियंत्रण कायद्यानं त्यांचे हक्क आहेतच, आणि बंद वाड्यात रात्री दिवा लावणारी तीच माणसं आहेत. गळती कुठून सुरू झाली हे तुमच्यापेक्षा त्यांना ठाऊक आहे.

दोन वर्षांत वापर शोधा. सोलापूर हे यात्रेकरूंचं जंक्शन आहे. सिद्धेश्वर इथंच, आणि अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर सगळं एका दिवसाच्या टप्प्यात. चौक असलेल्या, गार खोल्यांच्या वाड्यात मुक्कामाला येणारी माणसं आहेत. मी दुरुस्त केलेल्या एका वाड्यात खालच्या सोप्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका चालते. फी बेताचीच आहे, पण त्यातून वर्षाची डागडुजी निघते, आणि पहाटे साडेपाचला दार उघडलं जातं. दार उघडणारं कुणी असलं की एक ओला डागसुद्धा आठवड्याच्या आत कुणाच्या तरी नजरेला पडतो.

थोडक्यात क्रम असा : माणसं सुरक्षित जागी, भिंतीला टेकू, पाणी बंद, माळवदाचं वजन कमी, मग ऑडिट आणि नोटिशीला लेखी उत्तर, मग वारसांचा कागद, मग भिंत आणि चुना, आणि या सगळ्याच्या बरोबरीनं यादीत समावेशाचा अर्ज. काही वाडे यानंतरही वाचत नाहीत. पाया खचलेला असेल, तुळया वाळवीनं आतून खाल्ल्या असतील आणि घरात कुणीच राहायला तयार नसेल, तर मी स्वतः उतरवून घ्या म्हणतो. पण उतरवण्याआधी मोजमाप घेऊन नकाशे काढा, प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी फोटो घ्या, दरवाजाची चौकट, खांब, कोरीव तुळया क्रमांक टाकून ठेवा. भंगारवाला एका दिवसात जे नेतो, ते पुन्हा घडवणारे सुतार आता फार थोडे उरलेत.

आता तुमच्या गल्लीचा इतिहास. हे काम वाड्यापेक्षा स्वस्त आहे आणि जास्त घाईचं आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या देवळातला शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. तो अभ्यासकांच्या नजरेला आणला आनंद कुंभार यांनी, जिल्ह्यातली गावं पायाखाली घालून शिलालेख वाचत गेलेल्या एका सोलापूरकरानं. त्या लेखात वाचणाऱ्याचा विजय होईल असा आशीर्वाद आहे. दगडावरचं हजार वर्षं थांबलं. माणसाच्या डोक्यातलं तेवढं थांबत नाही.

सोलापूरनं १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, बघितला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. तो काळ डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी सापडणं कठीण, पण ज्यांनी तो आईबापांच्या तोंडून ऐकला ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. गिरणीत पाळी केलेले कामगारही त्याच वयाचे. म्हणून भिंतींच्या आधी त्यांच्याकडे जा. कागद मागा : गिरणीची हजेरी कार्डं, पगाराची पाकिटं, घरपट्टीच्या पावत्या, सनदा, लग्नपत्रिका, ग्रुप फोटो. मूळ कागद घेऊन येऊ नका, तिथंच फोटो काढा आणि परत हातात द्या. फोटोच्या मागं काय लिहिलंय त्याचाही फोटो घ्या.

आणि भाषेची काळजी घ्या. आपलं शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत जगतं. मागच्या वर्षी साखर पेठेत एका जुन्या घराची मोजणी करताना मला पुढच्या खोलीच्या फरशीत चौकोनी जागा वेगळी दिसली, रंगानं फिकट, सुमारे तीन फुटांची. मी ती जुनी दुरुस्ती म्हणून नोंदवली. घरातल्या आजी तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. नातवानं सांगितलं, ‘आजी म्हणतेय, तिथं मागाचा खड्डा होता. आजोबा पाय सोडून बसायचे.’ मग आजी स्वतः तिथं जमिनीवर बसल्या, उजव्या हातानं धोटा फेकल्यासारखं केलं आणि पायानं पावडी दाबून दाखवली. कांड्या भरताना आपण कुठं बसायचो तेही दाखवलं, खिडकीच्या डाव्या बाजूला, उजेड येतो तिथं. माझ्या नकाशात ती खिडकी फक्त एक खिडकी होती. सोलापुरी चादर ज्या शहरानं जगाला दिली, त्या शहरात खड्डामागाची जागा दाखवू शकणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी असतील. म्हणून आजी ज्या भाषेत बोलते त्याच भाषेत रेकॉर्ड करा, मराठी नंतर लिहून काढा. भाषांतर करून विचारलं की लोक चार वाक्यांत आटपतात.

तुमच्या गल्लीतली सगळी घरं कागदावर मांडा. प्रत्येक घराला एक पान : कोण राहायचं, धंदा काय, आड कुठं होता, गणपती कुठं बसायचा, नंदीध्वजांची मिरवणूक जवळून जात असेल तर कुठल्या दाराशी आरती व्हायची. बोलणाऱ्याची परवानगी लिहून घ्या, आणि नको असलेलं वगळा म्हणाले तर वगळा. एक प्रत गल्लीत, एक हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी, एक तुमच्याकडे. भाऊबंदकीची बोलणी अडली तर वहीतलं एखादं पान बैठकीत वाचा. माझ्या एका कामात पणजीच्या हातचा धान्याचा हिशेब वाचला आणि तीन वर्षं न बोलणारे दोन चुलते एकमेकांच्या शेजारी बसले.

भिंतीला टेकू दिला की, पावसाळ्याला किती दिवस उरलेत ते बघून, माळवदावर चढा. नोटिशीवरचा वर्ग इथं कळवा, आणि किल्ल्यापासूनचं अंतरही. फुगलेल्या भिंतीचा फोटो टाकाल तर समोरून नको. वरून ओळंबा सोडा, दोरी भिंतीपासून किती लांब जाते ते दिसेल असा बाजूनं काढा, आणि शेजारी पट्टी धरा.